नाही म्हणणाऱ्याचे बक्षीस

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे दोन तालुके पर्जन्यछायेत वसलेले आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावर रिते होऊन आलेले ढग आमच्याकडे पोहोचतात ते बहुधा सावलीपुरतेच, आणि घोड, भीमा व मुळा-मुठा यांच्या पात्रांतून जे पाणी आमच्या उसाला मिळते ते आमच्या आभाळाचे नसून मावळच्या आभाळाचे असते. अशा मुलखातल्या, ज्याचे पोहणे पाठीला डबा बांधून विहिरीत झाले किंवा मुळीच झाले नाही अशा माणसाने समुद्राच्या तळाशी उतरून मासे पाहण्याची हौस बाळगावी, हे कोणी चाळीस वर्षांपूर्वी सांगितले असते तर चावडीवर हशा पिकला असता. परंतु आज दिवाळीची सुटी लागली की घोडनदीच्या पेठेतून, दौंडच्या रेल्वे वसाहतीतून, केडगाव-पाटसच्या गुऱ्हाळांच्या पट्ट्यातून आणि रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यांतून मित्रमंडळींच्या, भिशीवाल्यांच्या, शिक्षकांच्या आणि अलीकडे बचत गटांतील भगिनींच्याही गाड्या भरून मालवण, तारकर्ली आणि देवबागकडे निघतात. सिंधुदुर्ग किल्ल्याचे दर्शन, सोलकढी आणि स्कूबा अशी त्रिस्थळी यात्राच आता रूढ झाली आहे.

या यात्रेतील एक प्रश्न मात्र कोणीही नीट सोडवीत नाही. नौका किनाऱ्याला लागते, अंगावरचा ओला पोशाख उतरतो, भ्रमणध्वनीवर पाण्याखालची चित्रफीत येते, आणि तेवढ्यात कोणी तरी हळूच विचारतो, “या पोरांना वर काही द्यायचं का?” मग एक जण म्हणतो, तिकिटात सगळे आले; दुसरा म्हणतो, मालक काय फुकट राबवून घेतो काय; तिसरा, ज्याची छायाचित्रे विशेष चांगली आली आहेत असा, पाचशेची नोट काढून छायाचित्रे काढणाऱ्या मुलाच्या खिशात सर्वांसमक्ष कोंबतो आणि पुढे कोल्हापूरपर्यंत त्या औदार्याचे व्याज वसूल करतो; आणि उरलेले सगळे चप्पल शोधण्याच्या निमित्ताने वाळूकडे पाहत राहतात. विषय क्षुल्लक आहे असे वरवर वाटेल. पण ज्याच्या हातात आपला श्वास अर्धा तास गहाण होता त्याला आपण काय देतो, कशाबद्दल देतो आणि कोणत्या रीतीने देतो, यावर पुढच्या नौकेतील माणसांचा जीव काही अंशी अवलंबून असतो, असे माझे मत आहे. आणि ते जरा विस्ताराने मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या नौकेवर असते कोण, हे पाहू. आपल्याला दिसतो तो आपल्याला धरून खाली नेणारा पाणबुडा. पोहता न येणाऱ्या पर्यटकाला काठावर किंवा उथळ पाण्यात थोडी तालीम देऊन, तोंडाने श्वास कसा घ्यावा, नाक दाबून कानातला दाब कसा मोकळा करावा, अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘मला वर न्या’ असा होतो, हे त्याला शिकवून हा मनुष्य त्याच्या पाठीमागून त्याला पकडतो आणि काही मीटर खोल नेतो. पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू असतो, असा आमच्याकडे सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तेथे आपण गावात श्वसतो तीच हवा दाबून भरलेली असते. पाण्यात दहा मीटर खाली गेले की एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून कान ठणकतात, आणि म्हणूनच घाबरून श्वास रोखून धरीत एकदम वर उसळणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांना, त्यांतली हवा फुगत गेल्यामुळे, गंभीर इजा होऊ शकते. पर्यटकाचे डोळे माशांकडे लागलेले असतात तेव्हा पाणबुड्याचे डोळे पर्यटकाच्या तोंडातून निघणाऱ्या बुडबुड्यांकडे असतात. बुडबुडे थांबले म्हणजे श्वास रोखला गेला, एवढे त्याला त्यावरून कळते.

परंतु हा झाला एक. त्याखेरीज नौकेचा तांडेल असतो. तो पाण्यात उतरत नाही, छायाचित्रात येत नाही, आणि त्याचे सगळे कर्तृत्व वाऱ्याकडे, लाटेच्या उंचीकडे व भरती-ओहोटीकडे लक्ष ठेवण्यात आणि नौका परत फिरवण्यापूर्वी डोकी मोजण्यात असते. नांगर टाकणारा पोरगा असतो. तो नांगर प्रवाळावर न पडता वाळूवर पडावा, एवढे जरी त्याने सांभाळले तरी शंभर भाषणांनी होणार नाही इतके समुद्राचे रक्षण होते. आणि किनाऱ्यावर, एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये, यंत्राने नळकांड्यांत हवा भरणारा मनुष्य असतो. त्या यंत्राचे इंजिन जर धूर ओकत असेल आणि तो धूर हवा ओढून घेणाऱ्या तोंडाशी पोहोचत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू थेट नळकांड्यात भरला जातो, आणि त्याचा वास येत नसल्यामुळे खाली गेलेल्या माणसाला तो कळतही नाही. वाऱ्याची दिशा बदलली की यंत्राचे तोंड फिरवणारा तो अनाम मनुष्य आपल्या जीविताचा एक जामीनदार असतो, पण त्याच्या खिशात आजवर एकाही पर्यटकाने नोट कोंबल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

ही माणसे बहुतांशी मालवणच्या किनाऱ्यावरच्या मासेमारी करणाऱ्या घरांतली आहेत. बाप रापणीला जात असे किंवा अजूनही जातो. मुलगा पर्यटकांना पाण्यात नेतो. १९८७ साली मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले तेव्हा मासेमारांनी त्याकडे संशयाने पाहिले, आणि तो संशय अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. पुढे पाण्यातले मासे पकडण्याऐवजी दाखवूनही पोट भरते, हा अनुभव येत गेला, आणि तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबाच्या शिक्षणाची संस्थाही काढली. तथापि हा धंदा बारमाही नाही. मेअखेरीस जलक्रीडा बंद होतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत. उरलेल्या महिन्यांतही गर्दी असते ती दिवाळी, नाताळ, जोडून आलेल्या सुट्या आणि उन्हाळा एवढ्यापुरतीच. कोणी रोजावर असतो, कोणाला बुडीमागे ठरावीक रक्कम मिळते. आपण भरलेल्या तिकिटातून मालकाचा हप्ता, डिझेल, दुरुस्ती, आणि आपल्याला तेथे घेऊन येणाऱ्या मध्यस्थाची दलाली (मग तो लॉजवाला असो की आपल्याच गाडीचा चालक असो) वजा जाता खलाशाच्या पदरात जे पडते, ते तिकिटावरच्या आकड्याकडे पाहून कल्पिता येणार नाही.

येथवर बहुतेक वाचक माझ्याशी सहमत होतील, कारण गरिबाला चार पैसे द्यावेत या मताला आमच्या मुलखात विरोध नसतो; विरोध होतो तो खिशात हात घालण्याच्या क्षणी. माझे म्हणणे मात्र निराळे आहे. देत नाही त्यापेक्षा जो चुकीच्या गोष्टीबद्दल देतो तो अधिक अनर्थ करतो. आम्ही बक्षीस देतो ते हौस पुरवल्याबद्दल. ठरलेल्या वेळेपेक्षा चार मिनिटे अधिक खाली ठेवले, प्रवाळाचा तुकडा हातात घेऊ दिला, पाव-बिस्किटे टाकून माशांचा थवा चेहऱ्याभोवती जमवला, रात्रीची उतरलेली नसतानाही “चला साहेब, काही होत नाही” म्हटले, दम्याचा आजार असलेल्या मामांना अर्जावर ‘नाही’ असे लिहायला सांगून आत घेतले, क्षमतेपेक्षा दोन माणसे जास्त बसवली, की आमचे अंतःकरण उचंबळून येते आणि नोट बाहेर निघते. याउलट, “आज दर्यो बरो नाय, उतरूचा नाय,” असे ज्याने सांगितले, ज्याने मामांना नौकेवरच बसवून ठेवले, ज्याने जाकिटाचा पट्टा सैल सोडणाऱ्याला चारचौघांत दरडावले, त्याला आम्ही उद्धट ठरवतो. आणि बारा तास गाडीत बसून आलेल्या आमच्या मंडळींचा संताप तर असा असतो की, समुद्र खवळणे हा जणू त्या तांडेलाचा वैयक्तिक कामचुकारपणा असावा!

खुषी विकत घेण्याचा हा व्यवहार हॉटेलात फारसा घातक नाही. तेथे वाढप्याने एक भाकरी अधिक आणली तर फार तर पोट बिघडेल. नौकेवर त्याच व्यवहाराने समुद्राशी तडजोड होते. तांडेलाच्या मनाचा हिशेब आपण मांडून पाहावा. नाही म्हटले तर त्या फेरीचा रोज बुडतो, मालकाची नाराजी पदरी येते, पर्यटक शिव्या देऊन शेजारच्या नौकेकडे जातो. हो म्हटले तर रोज मिळतो, वर बक्षीसही मिळते, आणि दहांतल्या नऊ वेळा काही होतही नाही. ज्या व्यवस्थेत विवेकाला दंड आणि बेफिकिरीला इनाम आहे, तेथे माणसे विवेकी राहावीत अशी अपेक्षा करणे म्हणजे त्यांच्याकडून संतपणाची मागणी करणे होय.

मे २०२२ मध्ये स्कूबा आटोपून तारकर्लीच्या किनाऱ्याकडे परतणारी पर्यटकांची एक नौका उलटली आणि दोघांचा अंत झाला. मे २०२४ मध्ये आमच्या उंबरठ्यावर, उजनी धरणाच्या फुगवट्यात, करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी नाव वादळी वाऱ्यात सापडली आणि सहा जण बुडाले. ते पर्यटक नव्हते, नित्याच्या वाटेने पलीकडे जाणारी माणसे होती. या दोन दुर्घटनांत दोष कोणाचा, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही आणि त्यासाठी मी त्यांचा उल्लेख करीतही नाही. परंतु पाण्यावरच्या प्रत्येक दुर्घटनेनंतर आम्ही चौकशीची, निलंबनाची आणि परवान्यांची चर्चा करतो, ती रास्तच आहे. पण नौका सुटण्यापूर्वी काठावर उभे असलेले गिऱ्हाईक कशाला पैसे देते आणि कशाला देत नाही, याची चर्चा कोणी करीत नाही. पलीकडे नेण्याचे पैसे मिळतात. न नेण्याचे मिळत नाहीत.

कोणी म्हणेल, बक्षीस म्हणजे खुषीचा मामला, त्याला इतके तर्कशास्त्र कशाला? पण आमच्या या दोन तालुक्यांना ‘खुषीचा मामला’ कसा वळण घेतो हे शिकवायला नको. गळीत हंगामात उसाला तोड मिळावी म्हणून टोळीला द्यावी लागणारी ‘खुशाली’ आणि उसाची गाडी भरून निघताना चालकाच्या हातावर ठेवावी लागणारी ‘एंट्री’, या दोन्ही गोष्टी कधी काळी सणासुदीच्या कोंबड्या-बकऱ्यांच्या रूपाने, खरोखरच आनंदाने दिल्या जात असतील. आज त्या शेतकऱ्याच्या जमाखर्चातल्या अटळ बाबी झाल्या आहेत आणि ऊस वाळत असताना त्यांवर घासाघीस करण्याची कोणाची छाती नाही. असे का झाले? एक तर कष्ट करणाऱ्याची मजुरी मुळातच अपुरी राहिली, आणि दुसरे, देणे कामाच्या आधी व कामाच्या अटीवर होऊ लागले. अडवून घेतलेले बक्षीस आणि अडून राहिलेली मजुरी ही एकाच घरातली भावंडे आहेत. मालवणच्या नौकेवर उद्या हे घडू नये असे वाटत असेल, तर देण्याची रीत आजच नीट बसवली पाहिजे.

जुन्या गावगाड्यात या प्रश्नाचे एक उत्तर होते. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्याची जी व्यवस्था वर्णिली आहे, तिच्यात सुताराने एका नांगरामागे किती घेतले याचा हिशेब नसे. खळ्यावर रास पडली की वर्षभराच्या सेवेपोटी त्याचा वाटा त्याला मिळे. बारा बलुतेदारांच्या एका प्रचलित यादीत कोळ्याचेही नाव आहे. या व्यवस्थेत एक शहाणपण निश्चित होते: देणे हे एखाद्या दिवसाच्या खुषीवर नव्हे, तर वर्षभराच्या भरवशावर अवलंबून होते, आणि विहीर धोक्याची आहे असे सांगणाऱ्याचे बलुते त्या सांगण्याने तुटत नसे. परंतु या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची मला मुळीच इच्छा नाही. कारण जन्माने माथी मारलेले काम, धान्य मोजताना मारलेला पायलीचा काठ, आणि खळ्याच्या कडेला हात जोडून उभे राहण्याची सक्ती हीही तिचीच अंगे होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, त्याचा एक मुख्य हेतू महारांना रयतेच्या मर्जीवरच्या बलुत्याऐवजी निश्चित व रोख मोबदला मिळावा हाच होता. ज्याचे पोट दुसऱ्याच्या प्रसन्नतेवर अवलंबून आहे तो स्वतंत्र नागरिक होऊ शकत नाही, हा त्या मागणीचा गाभा आजही शिळा झालेला नाही.

म्हणूनच बक्षिसावर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप मी टाळू इच्छीत नाही. तो असा की, गिऱ्हाइकाने वर पैसे देऊ लागल्यावर मालक पगार वाढवणार नाही, उलट “बक्षीस मिळते ना?” म्हणून तो कमी करील. हा आक्षेप कल्पित नाही. अमेरिकेत, ज्या देशात बक्षिसाचा रिवाज सर्वांत पक्का आहे तेथे, बक्षिसावर काम करणाऱ्या सेवकाला मालकाने द्यावयाचे केंद्रीय किमान वेतन तासाला २.१३ डॉलर इतके आहे आणि १९९१ पासून ते तसूभरही वाढलेले नाही. उरलेली भर गिऱ्हाइकाने घालावी, अशी तेथली कायदेशीर तजवीज आहे. आपल्याकडे कायद्याचा कल, सुदैवाने, वेगळा आहे. एप्रिल २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांच्या एका करविषयक खटल्यात असा निर्वाळा दिला की, गिऱ्हाइकाने दिलेले बक्षीस हे मालकाने दिलेले वेतन नव्हे; ते मालकाच्या हातून सेवकापर्यंत गेले तरी मालक तेथे विश्वस्ताच्या भूमिकेत असतो. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उपाहारगृहांना देयकात सेवाशुल्क आपोआप लावण्यास मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वे ग्राह्य धरली. ही सगळी वचने उपाहारगृहांपुरती असली, तरी त्यांतून निघणारा विवेक नौकेलाही लागू आहे: वेतन मालकाने द्यावे, बक्षीस गिऱ्हाइकाने स्वेच्छेने द्यावे, आणि एकाच्या नावावर दुसऱ्याने हात मारू नये. याचा व्यवहारातला अर्थ असा की, खलाशांना न परवडणाऱ्या दरात पर्यटकांना नेणारी नौका आपण निवडूच नये. तिकिटात दोनशे रुपये वाचवून वर शंभराचे बक्षीस देणारा मनुष्य दानशूर नव्हे.

पाणबुड्यांच्या जगात अन्यत्र या बाबतीत शिरस्ते ठरून गेलेले आहेत. फ्लोरिडाकडे नळकांड्यामागे काही डॉलर नौकेच्या खलाशांसाठी ठेवण्याची पद्धत आहे. लाल समुद्रात आठ-आठ दिवस नौकेवरच मुक्काम करून बुड्या मारणारे लोक निघताना एका पेटीत किंवा पाकिटात रक्कम घालतात आणि ती स्वयंपाक्यापासून यंत्र सांभाळणाऱ्यापर्यंत सगळ्यांत वाटली जाते. अंदमानात आणि मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाकडे जाणाऱ्या आपल्या लोकांत मात्र मालवणसारखाच गोंधळ आढळतो. परदेशी आकडे आपण उचलण्याचे कारण नाही. पण पेटीची पद्धत उचलण्यासारखी आहे, कारण तिच्यात कोणी कोणाला खूष केले हा प्रश्न उरत नाही.

मग द्यावे किती? या बाबतीत मराठी माणसाला परक्याकडे जाण्याची गरज नाही. चौथाई फार होईल, सरदेशमुखी पुरे. म्हणजे तिकिटाचा दहावा हिस्सा, आणि तो सबंध गटाचा मिळून, एका रकमेत. ज्यांना हेही जड वाटते त्यांनी कमी द्यावे, पण वेगवेगळ्या खिशांतून वेगवेगळ्या लाडक्यांना देऊ नये. रक्कम नौका किनाऱ्याला लागल्यावर, सर्वांच्या देखत, तांडेलाच्या हाती द्यावी आणि तोंडाने स्पष्ट सांगावे की, ही सगळ्यांची आहे, हवा भरणाऱ्याचीसुद्धा. पाण्यात असताना किंवा पाण्यात उतरण्याआधी देऊ नये. आधी दिलेले बक्षीस हे बक्षीस राहत नाही, ते आमिष होते. नोटा सुट्या न्याव्यात व कोरड्या राहतील अशा पिशवीत न्याव्यात. फलकावरच्या चौकोनी खुणेवर भ्रमणध्वनी रोखून पैसे पाठवण्याची सवय आता आपल्याला जडली आहे, पण ते पैसे ज्या खात्यात जातात ते खाते बहुधा मालकाचे असते. मालक सज्जन असेल, तरी खलाशाला त्याच्या सौजन्याची प्रतीक्षा करायला लावणे बरे नव्हे. बक्षिसाच्या ऐवजी बाटली देऊ करणे, हा प्रकार आपल्या काही मंडळींना मोठा रसिकपणाचा वाटतो. ज्याला दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या तरी लेकराला धरून पाण्यात उतरायचे आहे त्याला रात्री दारू पाजणे हा रसिकपणा नव्हे. आणि ज्याने आपल्या सांगण्यावरून प्रवाळ मोडले, माशांना पाव चारला किंवा जादा माणसे बसवली, त्याला त्या कृत्याबद्दल स्वतंत्रपणे काहीही देऊ नये. तो गैरसमज करून घेईल, तर घेऊ द्यावा.

आता राहिला तो मुख्य प्रसंग. आपण पहाटे किनाऱ्यावर पोहोचलो आहोत, वारा सुटला आहे, तांडेल म्हणतो, आज नाही. तिकिटाचे पैसे परत मिळतील की नाही ते ज्याच्या त्याच्या अटींप्रमाणे ठरेल. त्यासाठी मालकाशी भांडायचे असेल तर जरूर भांडावे. पण त्या तांडेलाला आणि त्याच्या माणसांना, पाण्यात गेलो असतो तर जे दिले असते ते, निदान त्यातले अर्धे तरी, देऊन मागे फिरावे. हे वाचून पुष्कळांना हसू येईल. न केलेल्या कामाचे पैसे देण्याची ही कोणती तऱ्हा? परंतु काम झालेले असते. त्या माणसाने त्या पहाटे जे काम केले ते त्याच्या साऱ्या विद्येतले सर्वांत अवघड काम होते: समोर रांगेत उभी असलेली गिऱ्हाइके, पाठीशी मालक आणि घरी चूल, या तिघांनाही बाजूला सारून त्याने समुद्राचे म्हणणे ऐकले. डॉक्टरने तपासून शस्त्रक्रिया नको असे सांगितले तरी त्याचे शुल्क आपण निमूटपणे देतोच.

ही रीत बसवण्यासाठी मालवणपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. दौंड तालुक्याच्या पूर्व टोकाला लागून असलेल्या उजनीच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळ येथील मच्छीमार बांधव सकाळच्या धुक्यात पक्षीनिरीक्षकांना नावेतून नेतात. हे धरण १९८०च्या सुमारास पुरे झाले तेव्हा काठावरच्या कित्येक गावांच्या जमिनी आणि घरे त्याच्या पोटात गेली. त्याच पाण्यावर आज त्यांतल्या काहींची मुले नाव चालवतात. तेथेही बक्षीस मिळते ते नाव पक्ष्यांच्या अगदी जवळ नेऊन थवा उडवून देणाऱ्याला, कारण उडत्या थव्याचे छायाचित्र चांगले येते. आणि अंतर राखून, इंजिन बंद करून, काठीने नाव ढकलीत नेणाऱ्या जाणत्या नावाड्याला ‘याने काही दाखवलेच नाही’ असा शेरा मिळतो. एकाच थव्याला सकाळभर दहा नावांनी उठवले तर तो चरेल कधी, याचा विचार कॅमेरेवाल्याला शिवत नाही.

आणखी एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या नद्यांच्या डोहांत, कालव्यांत आणि खाणींच्या खड्ड्यांत दर उन्हाळ्यात कोणी तरी बुडतो. आपत्ती निवारणाची पथके दुरून यायची तेव्हा येतात. त्याआधी पोलीस पाटील आसपासच्या पट्टीच्या पोहणाऱ्याला, बहुधा एखाद्या भोयाला किंवा कोळ्याला, बोलावणे धाडतो, आणि तो मनुष्य नळकांडे नाही, मुखवटा नाही, दोर आहे तर आहे अशा स्थितीत, गाळात हात घालून प्रेत वर काढतो. गाव त्याच्या हातावर काय ठेवते? कधी नारळ, कधी दारूसाठी शे-दोनशे, पुष्कळदा काहीच नाही. शोकाच्या घरी पैशाची गोष्ट काढायची कशी, या संकोचाआड सगळ्यांचीच सोय होते. मालवणच्या पाणबुड्यासाठी आपण खिशात हात घालू लागलो, तर या आपल्या घरच्या पाणबुड्यासाठी ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात एखादी बाब घालण्याची बुद्धीही आपल्याला व्हावी. ती बाब कोणाच्या मर्जीवर नसावी. ठराव करून, दर ठरवून, मागितल्याशिवाय घरपोच जाणारी असावी.

दिवाळी तोंडावर आली की गाड्या ठरू लागतात. शिरूर-दौंडकडील ज्या ज्या मंडळाचा खजिनदार सहलीचा अंदाज मांडायला बसेल, त्याला माझी एवढीच विनंती आहे की, डिझेल, टोल, मुक्काम आणि मासळीचे जेवण यांच्या खाली ‘तांडेल व खलाशी’ असा एक रकाना त्याने आताच आखावा, माणशी रक्कम वर्गणीतच गोळा करावी, आणि समुद्राने त्या दिवशी आपल्याला काठावरूनच परत पाठवले, तरी तो रकाना कोरा ठेवून घरी येऊ नये.